किलोला तीन टाके

“दोन्ही बाजूंना मिळून ऐंशी किलो बसलं पाहिजे,” खांबेटे साहेब म्हणाले. “म्हणजे एका बाजूला चाळीस. पण जमत नसेल तर तसं लिहून द्या. मी मुळीच राग मानणार नाही.”

जमत नसेल! हे त्यांनी भगवंतमामाच्या दुकानात, भगवंतमामाच्या तोंडावर म्हटलं. मामाच्या हातातली आरी कातड्यात अर्धी शिरली होती, ती तिथंच थांबली.

“साहेब,” मामा म्हणाला, “आम्ही जीनगर. आमच्या खापरपणजोबानं शिवलेल्या खोगिरावर बसून सरदार लढाईला गेला. सरदार मेला, घोडा मेला, खोगीर घरी परत आलं.”

“एकटं?” साहेबांनी विचारलं.

“चालत,” मामा म्हणाला.

आमच्या घराण्यात खोटं बोलायची पद्धत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या माळसोंड गावातला शेवटचा घोडा मी जन्मायच्या आधीच गेला होता. पण मामाच्या दुकानाला ते कुणी कळवलं नव्हतं. भिंतीवर रिकिबी, लगाम, खोगिराचे साचे तसेच लटकत असायचे आणि त्यांच्याखाली बसून आम्ही फटफट्यांच्या बैठका, बँडवाल्यांच्या ढोलांचे पट्टे आणि पाटलांच्या सोफ्याची कव्हरं शिवायचो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. आईनं मला कसब शिकायला मामाकडे धाडलं होतं आणि सात वर्षांत मी इतकं शिकलो होतो, की मामाला काही येत नाही हे मला स्वच्छ दिसायला लागलं होतं.

खांबेटे साहेब वजनमापे खात्याचे निरीक्षक. बाजारातल्या दुकानदारांची वजनं सरकारी वजनांशी ताडून बघायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. साहेब अकरा वर्षं आमच्या गावी येत होते, शिक्के मारत होते आणि चहा पीत होते. यंदा तालुक्याला नवे वरिष्ठ आले होते. त्यांचा लेखी हुकूम होता, की निरीक्षकानं सरकारी वजनं स्वतःच्या फटफटीवर लादून गावोगाव न्यावीत आणि त्यासाठी खुर्जी मजबूत करून घ्यावी.

खुर्जी म्हणजे पाठीवर आडवी टाकायची दोन पोटांची थैली. पूर्वी घोड्यावर, गाढवावर असायची, आता फटफटीच्या मागच्या बैठकीवर आली होती. साहेबांची जुनी खुर्जी खाकी कापडाची होती आणि तिची दोन्ही पोटं खालून उसवलेली होती. त्यांनी ती आमच्यापुढं अशी ठेवली, जसं आजारी मूल वैद्यापुढं ठेवतात.

“ही जुनी टाकू नका हं,” ते म्हणाले. “परत द्या. तिची सवय झालीय.”

“नवीन अशी देतो, की जुनीची आठवण राहणार नाही,” मी मध्येच बोललो.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दुःख होतं. मला वाटलं, कौतुक आहे.

साहेब गेल्यावर मामानं आरी खाली ठेवली.

“दिगंबर, ही खुर्जी तू एकट्यानं करायची. गुरुवारच्या बाजारात सगळ्यांसमोर सरकारी वजनं घालून बघतील. टिकली, तर ही गादी तुझी आणि सरूशी तुझं लग्न. फाटली, तर त्याच दिवशी पाचच्या एस.टी.नं आईकडे परत जायचं. कबूल?”

सरू म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी. ती आत दोऱ्याला मेण लावत बसली होती. तिथूनच तिनं विचारलं, “अप्पा, मला कबूल आहे का, ते कधी विचारणार?”

“तुला नाही का कबूल?”

“खुर्जी बघून सांगते,” सरू म्हणाली.

मामाचा एक हिशेब होता, किलोला तीन टाके. चाळीस किलो न्यायचेत तर तळाच्या शिवणीला एकशेवीस टाके. एक कमी नाही, एक जास्त नाही. कमी घातला तर फाटतं आणि जास्त घातला तर, मामाच्या मते, तो भित्रा कारागीर. “भिऊन शिवलेलं कातडं लगेच ओळखू येतं,” तो म्हणायचा. हा हिशेब तेरा पिढ्यांचा आहे, असंही तो सांगायचा. किलो येऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती, पण तेरा पिढ्यांपुढं पंधरा वर्षांचं काय घेऊन बसायचं!

कातडं मी जुन्या मोटेचं घेतलं. विहिरींवर विजेचे पंप आल्यापासून मोटा ओसरीवर पडून असायच्या. ते कातडं चाळीस वर्षं पाण्यात पोहलेलं. त्यात दाभण घालायचं तर आधी त्याची परवानगी घ्यावी लागे. त्याला कॅनव्हासचं अस्तर दिलं, वरच्या पट्ट्याला बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून घातली आणि तळाला मोजून एकशेवीस टाके. दोन्ही पोटांना.

आता वजन घालून बघायचं, तर वीस किलोची चार वजनं पाहिजेत. गावात ती एकाच माणसाकडे होती, धोंडूशेटकडे. शेंगांची खरेदी, किराण्याची विक्री, देवळाचे पंच, शाळेचे अध्यक्ष आणि गावातल्या प्रत्येक लग्नातले पहिल्या पंगतीतले पाहुणे. मी दुकानात गेलो तेव्हा शेट देवाला उदबत्ती ओवाळत होते.

“शेट, चार वजनं पाहिजे होती. दोन-तीन दिवसांसाठी. साहेबांची खुर्जी तपासायचीय.”

“साहेबांचं काम? मग नाही कसं म्हणू?” शेट उदबत्ती ओवाळतच म्हणाले. “म्हादू, ह्याला वजनं दे रे चार.”

म्हादू हमाल आतून वाकून म्हणाला, “कोणती देऊ? घ्यायची का द्यायची?”

“अरे द्यायची दे, द्यायची! घ्यायची कशाला देतोस?” शेट खेकसले आणि मग माझ्याकडे बघून गोड हसले.

वाटेत मी विचार करत होतो, केवढं मोठं मन! माणसानं द्यायची वजनं वेगळी काढून ठेवलीत. कुणी मागायला आलं तर अडचण नको म्हणून.

ती चार वजनं खुर्जीत घातली, एका पोटात दोन, दुसऱ्या पोटात दोन, आणि खुर्जी दुकानाच्या तुळईवर टांगली. सोमवार गेला. एक टाका हलला नाही. मंगळवारी दुपारी मामा जेवून आडवा झाला, तसा मी खुर्जीच्या तळाला कान लावला. भार पेलणारा दोरा गुणगुणतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. आम्हा जीनगरांना ऐकू येतं. नीट पेलत असेल तर मधमाशीसारखा गुंगतो, जड झालं तर कण्हतो आणि फार जड झालं तर शिवी देतो. ही खुर्जी तर गुंगतसुद्धा नव्हती. ढाराढूर झोपली होती.

याचा अर्थ उघड होता. मामाचा हिशेब चुकीचा होता! तेरा पिढ्या फुकट दोरा वाया घालवत होत्या आणि ते समजायला माझा जन्म व्हावा लागला.

मी रापी घेतली आणि एक टाका उसवला. खुर्जी झोपलेली. दुसरा उसवला. तिसरा. मामा घोरत होता. अकरा टाके गेल्यावर खुर्जीनं कूस बदलली. पंधरा गेल्यावर दोरा मधमाशीसारखा गुंगायला लागला. सोळावा काढला आणि दोरा असा कण्हला, की मामाची झोप मोडता मोडता राहिली. सोळावा परत घातला. दुसऱ्या पोटाचंही तेच. बरोबर पंधरा.

एकशेपाच टाक्यांत चाळीस किलो! गुरुवारी सगळ्या बाजारासमोर खुर्जी टिकली, की मी हळूच म्हणणार होतो, ‘मामा, टाके मोजा बरं.’ मामाचा चेहरा कसा होईल, सरूचा कसा होईल, याची मी बुधवारभर रंगीत तालीम केली. खुर्जी बुधवारभरही टांगलेली राहिली आणि सुखानं गुंगत होती.

गुरुवारी सकाळी वरिष्ठांचा शिपाई एस.टी.च्या टपावर लाकडी पेटी घेऊन आला. पेटीत सरकारी वजनं होती. अकरा वर्षांत त्यांना ऊन लागलेलं नव्हतं. मेणकागदसुद्धा अंगावर तसाच. शिपाई जुन्या वळणाचा, मोठ्या मिशांचा, आणि जे घडेल ते वहीत लिहून आणायला त्याला सांगितलेलं. तो वही उघडून दुकानाच्या पायरीवर बसला.

खांबेटे साहेबांनी फटफटी स्टँडवर लावली. त्यांची फटफटी चालू झाली, की तीन गल्ल्यांमधलं दूध नासायचं, त्यामुळे बाजार आपोआप गोळा झाला. पहिल्या रांगेत धोंडूशेट. त्यांच्याशेजारी आमच्या गावचं भूषण, अंकुश पैलवान. गेल्याच महिन्यात शेटच्या तागडीत बसून पैलवान शंभर किलो भरला होता आणि गावानं त्याची हलगी लावून मिरवणूक काढली होती.

मी खुर्जी फटफटीवर टाकली. पट्टे आवळले. कातडं असं चमकत होतं, की बायका त्यात बघून कुंकू नीट करत होत्या.

“छान दिसतेय,” साहेब मलूल आवाजात म्हणाले. “जरा जास्तच छान दिसतेय.”

उजव्या पोटात पहिलं वजन गेलं. दुसरं गेलं. दोरा इतका मोठ्यानं कण्हला, की मागचा बैल बिथरला. तरी पोट टिकलं. डाव्या पोटात पहिलं गेलं. शिपायानं दुसरं उचललं, आत सोडलं, आणि मग जो आवाज झाला तो मी या वयात तोंडानं काढून दाखवू शकत नाही. डावं पोट तळातून टर्रकन उघडलं. दोन्ही वजनं खाली आली. एक जमिनीत रुतलं, दुसरं घरंगळत शेटच्या पायापाशी जाऊन थांबलं, ओळखीच्या माणसाकडे गेल्यासारखं.

मी डोळे मिटून घेतले. आता लोक मला हसणार, मारणार, काय करणार! पण कानावर टाळ्या आल्या. डोळे उघडून बघतो, तर किराणावाले, भुसारवाले, तेलवाले, सगळे दुकानदार टाळ्या वाजवत होते. साहेबांच्या चेहऱ्यावर तर लग्न ठरल्यासारखं तेज आलं होतं.

“फाटली! अरेरे!” साहेब म्हणाले. “लिहा हो शिपाई, खुर्जी फाटली. वजनं नेणं अशक्य. प्रयत्न केला, पण अशक्य. कारागिराचा काही दोष नाही.”

“मुळीच नाही,” शेट म्हणाले. “पोरानं जीव तोडून काम केलंय. दिगंबर, उद्या माझ्याकडे ये, नवं कातडं घेऊन जा. सगळ्यांना माझ्याकडून चहा रे!”

दोष नाही! एवढा अपमान माझा जन्मात झाला नव्हता. मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. मामा मात्र फाटलेल्या पोटाजवळ उकिडवा बसला होता आणि शिवणीवरची दाभणाची भोकं नखानं मोजत होता. मोजून झाल्यावर तो उठला.

“भोकं एकशेवीस आहेत,” तो म्हणाला. “पंधरा भोकांत दोराच नव्हता. कुठं गेला?”

“मामा, तो मी…”

“कुठं गेला?”

“काढला. एकशेपाच पुरत होते. दीड दिवस टिकलेत, तुमच्या डोळ्यांसमोर! तुमचाच हिशेब जास्तीचा आहे.”

मामानं एकदाच मान हलवली. “पाचची एस.टी. वेळेवर असते,” तो म्हणाला. “ट्रंक भर.”

सात वर्षं, गादी, सरू, सगळं त्या एका वाक्यात गेलं. आणि मग, देवाशपथ सांगतो, मी न्यायासाठी किंवा गोरगरिबांसाठी तोंड उघडलं नाही. माझी खुर्जी बरोबर होती, एवढंच मला म्हणायचं होतं.

“टाके बरोबर आहेत!” मी ओरडलो. “सरकारची वजनंच खोटी आहेत!”

बाजार जो हसायला लागला, तो थांबेना. पैलवानाला ठसका लागला. साहेब घाईघाईनं म्हणाले, “असतील, असतील. आमची जास्त भरत असतील. पोर म्हणतंय तर असेल. विषय संपला.”

“संपला कसा?” शिपाई पायरीवरून उठला. “सरकारी वजन खोटं म्हणाला तो. हे मला लिहावं लागणार. आणि लिहिलं की वरचे साहेब विचारणार, खांबेट्यांनी ऐकून कसं घेतलं.”

साहेबांचं तेज विझलं.

तेवढ्यात सरू बाहेर आली. हातात मेणाचा गोळा. तिनं माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

“अप्पा, किलोला तीन टाके. म्हणजे एकशेपाच टाक्यांना किती किलो?”

“पस्तीस,” मामा म्हणाला. त्याला हे विचार न करता येत असे.

“मग दुकानात दीड दिवस त्यांनी चाळीस किलो कसे पेलले?”

“पेलणार नाहीत.”

“पेलले की. मी बघितलंय.”

“मग ते चाळीस नव्हते!” मामा चिडून म्हणाला. मग हळूहळू मान वळवून त्यानं दुकानातल्या त्या चार वजनांकडे बघितलं. त्याच्या मागोमाग सरूनं बघितलं, मी बघितलं, शिपायानं बघितलं. धोंडूशेट सोडून सगळ्या बाजारानं बघितलं. शेट आभाळाकडे बघत होते.

“पाऊस येईल असं वाटतं,” ते म्हणाले. मार्च महिना होता.

“दिगंबर,” मामा म्हणाला, “डावं पोट शीव. एकशेवीस. इथंच बसून.”

मी फटफटीच्या सावलीत बसलो. सरू दोरा मेणवून देत होती आणि टाके मोठ्यानं मोजत होती. वीसपर्यंत ती एकटी होती. तीसला शिपाई सामील झाला. पन्नासला भाजीवाल्या बायका. सत्तरला सगळा बाजार एका सुरात मोजत होता, नुसते दुकानदार सोडून.

ऐंशीला शेट माझ्याजवळ वाकले. “जीनगर, हात दुखत असतील. राहू दे की उरलेलं.”

“एक्क्याऐंशी!” सरू शेटच्या कानात ओरडली.

शंभराव्या टाक्याला साहेबांनी घड्याळ बघितलं. “मला पुढच्या गावी जायचं होतं…”

“खुर्जी फाटलीय ना साहेब,” शिपाई म्हणाला. “जाताय कसे?”

एकशेविसावा टाका घालून मी दोरा तोडला. माझी दहाही बोटं रक्ताळली होती. कुणी विचारलं नाही. मामानं घरातून मुसळ आणवलं, त्याला मेण चोळून गुळगुळीत केलं आणि दोन हमालांना दोन्ही टोकं खांद्यावर धरायला लावली. खुर्जी त्या मुसळावर आडवी टाकली. अलीकडे एक पोट, पलीकडे एक पोट. लोकांना हळूहळू उमगलं, खुर्जीची तागडी झाली होती.

“एकशेवीस टाक्यांत सरकार,” मामा म्हणाला आणि सरकारी दोन वजनं त्यानं डाव्या पोटात ठेवली. दोरा मधमाशीसारखा गुंगला. “आणि एकशेपाच टाक्यांत शेट.” शेटची दोन वजनं उजव्या पोटात गेली. तिथंही तीच मधमाशी, त्याच सुरात. मामानं दोन्ही हात काढून घेतले.

खुर्जी मुसळावरून सुर्रकन सरकली. सरकार धप्पकन जमिनीला टेकलं आणि शेट मुसळापाशी वर जाऊन लटकले.

कुणी हसलं नाही. शिपायानं जाऊन शेटचं एक वजन उपडं केलं. वजनाच्या बुडात एक भोक असतं, त्यात शिसं ओतून खात्याचा शिक्का मारलेला असतो. शिपायानं रापीनं त्याची कड उचकटून आत बोट घातलं. बोट गेलं. तो मनगटापर्यंत हात घालून आला, असं मी इतर गावांत सांगतो. पण इथं खरं सांगायचं तर बोट दोनच पेरं गेलं. शिशाच्या जागी नुसतं लाखेचं झाकण बसवून वर काळा रंग दिला होता. लाखेवर शिक्का मात्र अस्सल होता, ताजा आणि खांबेटे साहेबांच्या हातचा.

“वीसचं साडेसतरा,” मामा म्हणाला. “टाके खोटं बोलत नाहीत.”

“ही द्यायची वजनं ना?” मी म्हणालो. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला, तीन दिवस उशिरा. “म्हादू, आणि घ्यायची कुठंयत?”

म्हादूनं शेटकडे बघितलं, शिपायाकडे बघितलं, मिशा मोजल्या आणि मुकाट्यानं जाऊन घ्यायची वजनं घेऊन आला. शेंगा विकत घ्यायच्या वेळी वापरायची ती. ती बावीस भरली.

आता तुम्हाला वाटेल, गावानं मला खांद्यावर घेतलं असेल. दुपारपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. शिपायाच्या देखत साहेबांना नाइलाजानं शेटची वजनं जप्त करावी लागली आणि बाजारात खऱ्या वजनानं मोजणं सुरू झालं. त्याबरोबर सगळं बिनसलं. पैलवानाला परत तागडीत बसवलं, तो साडेसत्याऐंशी भरला. एका दुपारीत साडेबारा किलो उतरलेला पैलवान कुणी पाहिला नव्हता. त्याची आई माझ्या नावानं बोटं मोडत गेली. पाटलांनी मुलीच्या लग्नात वीस किलो लाडू वाटल्याचं वर्षभर सांगितलं होतं, ते साडेसतरावर आले. ज्या सुनांना सासरी आल्यापासून अंग धरलंय असं सासवा म्हणायच्या, त्या सगळ्या एकदम वाळल्या. गाव गरीब आहे हे ठाऊक होतं, पण हलकंसुद्धा आहे, हे माझ्यामुळे समजलं.

धोंडूशेट आठ दिवस तोंड लपवून होते. नवव्या दिवशी त्यांनी दारावर पाटी लावली, ‘खऱ्या वजनाचे एकमेव दुकान’. तिथं इतकी गर्दी लोटली, की पूर्वी कधी नव्हती.

खांबेटे साहेबांनी त्या गुरुवारी जाताना मला बाजूला घेतलं.

“सातपुते,” ते म्हणाले, “अकरा वर्षं मी ती फाटकी खुर्जी जपली होती. दरवर्षी अहवालात लिहायचो, खुर्जी नादुरुस्त असल्यामुळे वजनं नेता आली नाहीत, नुसती नजरेनं तपासणी केली. कुणाचं काही अडत होतं का? एक साधी थैली तुम्हाला वाईट शिवता आली नाही?”

पुढं त्यांना कर्तव्यदक्षतेबद्दल बढती मिळाली आणि कार्यालयात पंख्याखालची खुर्ची मिळाली. फटफटी सुटली, ऊन सुटलं. तरी दिवाळीला मला त्यांचं कार्ड कधी आलं नाही.

त्याच गुरुवारी पाचच्या एस.टी.ची वेळ झाली तेव्हा मी ट्रंक भरून पायरीवर बसलो होतो. मामा खुर्जीचे टाके परत एकदा मोजत होता.

“वजनं खोटी होती,” तो म्हणाला.

“हो मामा.”

“म्हणजे तुझी खुर्जी पस्तीसला बरोबर होती.”

“हो मामा.”

“पण तुला शिवायला चाळीसची सांगितली होती. आणि टाके तू चोरलेस ते मी झोपल्यावर.”

एस.टी.चा हॉर्न वाजला. मी ट्रंक उचलली.

“ठेव ती,” मामा म्हणाला. “मी शब्द दिला होता, खुर्जी टिकली तर गादी आणि लग्न. टिकली, पण तुझ्या हिशेबानं नाही. हिशेब ज्यानं ओळखला, गादी त्याची. सरू, तुला हा चालेल का?”

सरूनं मला खालून वर बघितलं. मोटेचं कातडं विकत घेताना बघतात तसं.

“टाके मोजून घेईन रोज,” ती म्हणाली. “चालेल.”

एस.टी. गेली. महिन्याभरानं आमचं लग्न झालं आणि दुकानावर पाटी लागली, ‘सरस्वती सातपुते, जीनगर’. मी तिच्या दुकानात पगारी कारागीर म्हणून लागलो आणि आजतागायत आहे. सकाळी ती गादीवर बसली, की मी समोर बसतो. घरात मात्र माझाच शब्द शेवटचा. तिनं आधी सांगितलेला असतो, मी शेवटी म्हणतो.

गेल्या वर्षी तालुक्याच्या ग्राहकांच्या कुठल्याशा मंडळानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि ‘अन्यायाविरुद्ध पहिला टाका घालणारे’ असं लिहिलेलं मानपत्र. मी भाषणात सांगितलं, की शेटच्या वजनांचा मला पहिल्यापासून संशय होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही ते पटलं.

घरी आल्यावर सरूनं शाल घडी करून ठेवली आणि म्हणाली, “संशय तुम्हाला कसला येतोय! शेटची वजनं खोटी आहेत, हे गावातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. किलोभर डाळ शिजवली की पातेल्यात समजतं.”

“मग तेव्हा कुणी बोललं का नाही?”

“बोलून काय करणार? साहेब शिक्का मारून जायचे ना.” ती नारळ फोडायला बसली. “आणि तुमचे टाकेही माहीत होते मला. दुकानाचा केर मीच काढायची. मंगळवारी संध्याकाळी केरात दोऱ्याचे तीस तुकडे सापडले. पंधरा आणि पंधरा.”

माझा हात कपाळावर गेला. “मंगळवारी? अगं, मग तेव्हाच सांगायचंस की मला!”

“सांगितलं असतं,” सरू म्हणाली, “तर तुम्ही बुधवारी ते परत घातले असते, गुरुवारी खुर्जी टिकली असती आणि दुकान तुम्हाला मिळालं असतं.”